शिवण

मैफल सुरू होण्याआधीच माझं काम संपलेलं असतं.
चारच्या आत हार्प्सिकॉर्ड लावायचा,
किल्ली खिशात टाकायची
आणि तरीही खांबामागे बसून राहायचं,
कारण थंडीत तारा दिलेला शब्द पाळत नाहीत.

ग्रोनिंगेनच्या उत्तरेचं हे विटांचं चर्च.
खालून गॅस उपसला तेव्हापासून
जमीन मधूनच कूस बदलते.
भिंतीतल्या भेगांवर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्यात,
भेग किती वाढली ते मोजायला.
तशाच एका पट्टीखाली शूर्ड वीर्स्मा येऊन उभा राहिला.
आठवडाभर तो बंधाऱ्यावरच्या पंपांची नोंदवही सांभाळतो.
नाक लाल, सर्दी ताजी.
मफलर काढून त्यानं खुर्चीवर ठेवला,
नीट घडी घालून.

मी टाळ्या वाजवायला ऐकत नाही. मी शिवण शोधते.
बारा पंचम शुद्ध लावले तर वर्तुळ मिटत नाही,
किंचित काही उरतं.
ते उरलेलं सगळीकडे थोडं थोडं वाटून दडवावं लागतं,
नाहीतर एका कोपऱ्यात बसून ओरडतं.
आमच्या धंद्यात त्याला लांडगा म्हणतात.
गाणाऱ्याचा लांडगा म्हणजे श्वास.

शब्द एकच होता: थांब.
तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच्या पहिल्या अक्षरावर
अर्धं पान तान लिहून ठेवली,
आणि श्वासाला जागा ठेवली नाही टिंबाएवढी.

आधी एक लांब सूर.
कधी सुरू झाला, मला सांगता येणार नाही;
तबकडीवर खडखडाट नसतो तशी सुरुवात.
मग तो जागच्या जागी वाढला,
उंच नाही, नुसता मोठा,
भट्टीतला पाव आतून फुगतो तसा,
आणि त्याच वाटेनं, एकही पायरी न गाळता, परत लहान झाला.
अगदी शेवटी जरासा कंप. तोही परवानगी मागून.

मग तान.
सोळा सोळा स्वर, एकेक सुटा,
पण हनुवटी हलत नाही, घशाला हिसके नाहीत.
चेलोवर फ्राउक्ये अर्धं पाऊल मागे पडली,
तो तिच्यासाठी थांबला नाही,
तिला उघडंही पाडलं नाही.
मी त्याच्या बरगड्या पाहत होते.
स्वेटरचे ताणलेले टाके मिटेनात.
श्वास खर्चत होता, पण छाती खाली पडू देत नव्हता;
पाणी सोडायचं, दार सोडायचं नाही,
हे त्याला गाण्याच्या शाळेत शिकवलं असेल असं वाटत नाही.
वर जाताना एक चिंचोळी जागा येते,
तिथे बहुतेक टेनर खांदा लावून धक्का देतात.
यानं ‘आ’ थोडासा काळोखा केला
आणि पलीकडे गेला,
जिन्याची करकरणारी पायरी ठाऊक असलेल्या
रात्रपाळीच्या माणसासारखा.

शिवण सापडली नाही. मला जरा रागच आला.

मधला भाग छोटा, दुःखाचा, घाईत आटपलेला.
मग रिवाजाप्रमाणे पहिलं पुन्हा.
या खेपेला सगळे दागिने घालतात.
त्यानं दोन घातले, बारीक, कानाच्या पाळीएवढे.
आणि ‘थांब’ आलं,
तेव्हा अक्षराच्या ऐन मध्यावर
त्यानं श्वास घेतला.
उघड्यावर. ओला, सर्दीचा, ऐकू येईल असा.
फ्राउक्येचा गज तारेवर उचलून धरलेला.
भेग त्या क्षणी वाढली की नाही, नोंद नाही.

नंतर मागच्या खोलीत वाटाण्याचं सूप.
मी विचारलं, “तो श्वास मुद्दाम?”
“संपला होता,” म्हणाला चमचा पुसत.
पावाला लोणी लावून झाल्यावर पुढे म्हणाला,
“पहिल्या वेळीपण संपलाच होता.”

मी किल्ली घेऊन आत गेले.
मधली एक तार खरंच उतरली होती.
उतरलेलीच एकदा वाजवून पाहिली,
मग पुन्हा एकदा.
मग लावली, अर्थात.
उद्या सकाळी दुसरं कोणी वाजवणार आहे.