बाबा उठल्यावर

नाताळाची सुट्टी लागली
आणि बाबांची नाइट नेमकी त्याच आठवड्यात आली.
रात्रभर भुसावळच्या यार्डात
वॅगनींच्या चाकांवर हातोडी मारत चालायचं,
कुठलं चाक बद्द बोलतंय ते ऐकायचं.
सकाळी साडेसातला घरी,
चहा अर्धा टाकून, मफलरसकट,
डोक्यावरून गोधडी.

दोन खोल्यांचं क्वार्टर.
मधल्या दाराला दार नाही, पडदा आहे.
मी म्हटलं, आजपासून आपण कुजबुजायचं.
दक्षू चार वर्षांचा. त्याची कुजबूज
खालच्या मजल्यावर तायडे वहिनींना
भांडी घासताना ऐकू जाते.
"आई, मी हळू बोलतोय ना?"
असं तो सगळ्या कॉलनीला विचारतो.

माझं मशीनही आठवडाभर मुकं.
साड्यांना फॉल हातानेच घालते,
बोटं थंडीनं वाकत नाहीत, सुई घामेजत नाही,
एवढाच काय तो फायदा.
सुट्टी नक्की कुणाची, हे काही
शाळेच्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

लावण्यानं वहीचं मागचं पान काढलं.
वर ठळक लिहिलं: बाबा उठल्यावर ओरडायच्या गोष्टी.
१. माझा दात हलतो. खालचा.
२. दक्षूने साबण खाल्ला. (थोडाच.)
३. मांजरीनं सायकलच्या सीटवर उंदीर ठेवला
आणि बसून राहिली, जसं काय तिकीट काढलंय.
४. दक्षूच्या तोंडातून वाफ निघते.
पाचवा आकडा घालून ठेवला,
पुढे जागा कोरी.
"अजून दुपार व्हायचीये ना," म्हणाली.

मग आम्ही गच्चीवर.
मे महिन्यात ज्या उन्हाला
खिडक्यांना ओली पोती लावून शिव्या घालतो,
त्याच उन्हाच्या मागे आता चटई ओढत फिरतो,
टाकीच्या सावलीला पाठ देऊन,
वीतभर, मग आणखी वीतभर.
मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा,
दक्षू दाणे कमी खातो, टरफलं जास्त मोजतो,
एकवीसनंतर त्याला पन्नास येतात.
लांबून मालगाडी जाते.
दोघंही एकदम तोंडावर हात ठेवतात,
जणू गाडीलाही गप्प करायचंय.

कधी झोपली कळलं नाही.
लावण्या पालथी, वहीवर गाल.
दक्षू माझ्या फॉलच्या ढिगात,
पायातला एकच मोजा.

आणि तीनला जिना वाजला.
बाबा, बनियनवर मफलर,
डोळ्यांत झोप तशीच अडकलेली.
"काय झालं?"
"कुठे काय? झोप की."
"एकदम शांत झालं. जाग आली.
मला वाटलं, काहीतरी तडकलं."

मी पोरांकडे बोट केलं.
मग तो बसला. तोही कुजबुजायला लागला,
त्याला जमत नाही, हे पोरगं कुणावर गेलंय
ते तेव्हा समजलं.
लावण्याच्या गालाखालून वही सोडवली,
वाचताना खांदे हलत होते,
दोन नंबरला थांबून माझ्याकडे पाहिलं.
"थोडाच," मी म्हटलं.

खिशात खडूचा तुकडा असतोच त्याच्या.
पोरांच्या उशाशी, गच्चीच्या कोब्यावर,
वॅगनीवर लिहितो तसं तिरकं लिहिलं:
तपासले. ठीक.
खाली तारीख आणि सही.
मग बराच वेळ काहीच नाही.
शेंगा सोलत बसलो दोघं,
टरफलं न मोजता.
संध्याकाळी वांगी भाजू म्हणाला,
पराट्या आणतो नाल्यापलीकडून.
मी हो म्हटलं. रात्री दहाला
पुन्हा निघायचंय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

लावण्यानं आधी एक डोळा उघडला,
मग दुसरा, मग तोंड.
चारही नंबर एकाच श्वासात,
वर दक्षूची टरफलं, एकवीस, पन्नास, शंभर,
साबणाची चव, दात, उंदीर,
कशाला कशाचा पत्ता नाही.
"एकेक करून!" बाबा ओरडला,
आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण आवाजात.

खालून भांड्यांचा आवाज थांबला.
"उठले वाटते भाऊ!"
तायडे वहिनी म्हणाल्या.