तिसरा प्लग

इंद्रजित चौगुले आला तेव्हा
उद्यमनगरात लेथ अजून सुरू व्हायच्या होत्या.
खिशातून चार डब्या काढून त्यानं
बोनेटवर मांडल्या, पेढे मांडावेत तशा.
इरिडियम. एकाला नऊशे.
"छत्तीसशे झाले, मावशी. घालायचे का नको,
एवढंच सांग."

एवढंच.
छत्तीसशे कुठनं आणलेस, मी विचारलं.
"ते सोड की गा."

गाडी जुनी एस्टीम. हेड पोर्ट केलेलं,
कॅम घासून घेतलेला, मागची सीटं काढून
घरात माळ्यावर टाकलेली.
रविवारी शिरोलीच्या माळावर धावायची होती,
एकटीच, घड्याळाविरुद्ध.

म्हटलं, आधी जुने बघू.
"बघायचं काय त्यात? टाकायचेच हायत."
टाकायचेच. पण मला पाना धरायला शिकवला
त्या दस्तगीर शिकलगारांनी; ते म्हणायचे,
वैद्यासमोर माणूस जीभ काढतो,
इंजिनाला तर देवानं चार दिल्यात,
बघितल्याशिवाय औषध कसलं देतीस?

पहिला निघाला चहात बुडवलेल्या बटरच्या रंगाचा.
दुसरा तसाच.
चौथा किंचित काळपट, चालतंय.
तिसरा पांढरा.
खडूसारखा कोरडा, आणि टोकाच्या चिनीमातीवर
ॲल्युमिनियमचे ठिपके, मोहरीहून बारीक.
पिस्टन वितळायला लागल्याची ती चिठ्ठी होती.
इंद्रजितनं वाकून बघितलं, आणि पहिल्यांदाच गप्प झाला.

प्लग परत घातले, गाडी चालू ठेवली,
मॅनिफोल्डच्या सांध्यावर स्प्रे मारला.
तिसऱ्यापाशी आवाज दचकला.
हवा चोरून आत येत होती, पेट्रोल कमी पडत होतं.
गॅस्केट. एकशे चाळीस रुपये.
राजारामपुरीत जाऊन आणायला वीस मिनिटं,
जुनं खरवडायला दोन तास.

खरवडताना त्याला सांगत राहिले,
म्हणजे अर्धं त्याला, अर्धं हातातल्या पात्याला:
प्लग घोडे देत नाही रे.
असलेले घोडे सांडू देत नाही, फार तर.
ह्याचं टोक सुईएवढं, ठिणगीला उडी सोपी जाते.
टर्बो बसवलास, दाब चढवलास,
तर साधी ठिणगी वाऱ्यातल्या काडीगत विझते;
तिथं हे नऊशे मी स्वतः घालीन.
आणि टिकतो, हे खरं. लाखभर किलोमीटर.
पण तू दर दोन महिन्यांनी इंजिन उघडतोस,
तो टिकाऊपणा कुणाला वापरायला देणार?
साधा घे, एक नंबर थंड.
गॅप आठ दशांश, फीलर पातं घालून बघ,
डोळ्यानं नको.

"म्हणजे नको घालू?"

आता काय सांगायचं.
डब्या अजून बोनेटवर होत्या,
आणि तो त्यांच्याकडे बघत होता
तसं मी कधी कशाकडे बघितलं असेन
ते आठवत बसले.
घाल, म्हटलं. पण पहिली फेरी साध्यावर.

रविवारी स्टॉपवॉच माझ्या हातात.
साध्यावर सतरा पूर्णांक चार.
इरिडियमवर सतरा पूर्णांक तीन.
"नाद खुळा!" हेल्मेटच्या आतूनच ओरडला तो.
तो दशांश प्लगचा होता का माझ्या अंगठ्याचा,
हे मलाही ठाऊक नाही, आणि
गॅस्केटचा एक सेकंद
गेल्या महिन्याच्या वहीत नोंदवलेला होता,
त्यानं वही उघडली नाही.

तिसरा जुना प्लग मी ठेवून घेतला,
खिडकीत, दस्तगीरचाचांच्या पानासंचाशेजारी.

मंगळवारी त्याची आई आली,
दूध संघातून सुटून तशीच, हातात रिकामा डबा.
"पोरानं किती घातलं हो त्या गाडीत?"
लेथवर कुणीतरी पितळ कापत होतं,
म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागलं:
"माझं बिल झालं एकशे चाळीस, अन् मजुरी."
बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या.
मग खिडकीकडे बोट करून म्हणाल्या,
"हे पांढरं काय हो?"