चाळीस

बरोसाच्या खोऱ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये
थेल्मा नॉस्के पेला उजेडात तिरपा धरते.
कडेला विटकरी झाक आलीय.
एकोणीस वर्षं.

शिराझ साठ, कॅबर्ने चाळीस.
तीसच पुरे, ती म्हणाली होती, घसा आवळतोय.
एडगरनं पिंपावरचा खडूचा आकडा पुसला नाही.
'थांब जरा,' एवढंच म्हणाला,
आणि त्या हिवाळ्यात तोच थांबला नाही.

आधी नाक.
निलगिरीचा पाला, घाम प्यालेलं जुनं खोगीर,
ऊन उतरल्यावरची तांबडी माती.
मग घोट:
जांभळाचा दाट गर जीभभर,
आणि मागाहून, हिरड्यांवर,
बीजवळचा तो तुरटपणा,
पण आता नखं आत ओढलेला.

बाकीचे बादलीत थुंकतात. रीतच आहे.
तीही साठ वर्षं थुंकत आलीय,
त्याच्या हातची, स्वतःच्या हातची,
एकदाही मोह न होता.

नात वही उघडून बसलेली.
'काय लिहू?'
थेल्मा गिळते.
तारेवर एक मॅगपाय बसतो, उडतो.

'लिही, चाळीसच बरोबर होते.'

पेन्सिल चालते.

'नको, खोड ते.
शेफारेल.'