वीतभर

मेव्हण्यानं गोव्याहून आणलेलं मशीन,
दांड्याला चिकटपट्टी, हेडफोनचा डावा कान मेलेला.
खानापुराकडं नेलं तर नुसतं खुळ्यागत ओरडतं,
तिथल्या तांबड्या दगडातच लोखंड.
म्हणून इथं, निपाणीत,
पाडलेल्या तंबाखू-वखारीच्या आवारात,
सोमवारी जेसीबी यायच्या आत.

चुन्याची फक्की मारून प्लॉट आखलेत.
मी चौदा नंबरात शिरतो, सोळातून निघतो,
झाडू मारल्यासारखी तबकडी फिरवत.
सोड्याच्या बाटलीचं बूच. बूच. पत्र्याचा तुकडा.
ट्रॅक्टरची पिन, गंजून शेंगेएवढी फुगलेली.
गेटावरून वॉचमन शिवलिंग विचारतो, एन सिक्तरी?
मोळा, म्हणतो मी.
त्याच्या भाषेतही मोळा मोळ्यासारखाच.
तो परत विडी पेटवतो.

मग एक भोकाचा पैसा.
भोकात माती घट्ट बसलेली,
काडीनं ढकलली तर पलीकडं
फक्कीची पांढरी रेघ दिसली.
बेळगावात खडेबाजारातला एकजण अशाचे चाळीस देतो.
घासून लख्ख करून नेला तर वीस.

चिंचेच्या बुंध्याशी आवाज बदलला.
लोखंड तुटक बोलतं, कुरकुरतं.
हा गोल होता. पितळ गोल बोलतं.
खुरप्यानं वीतभर उकरलं.
बिल्ला. वर तारेसाठी भोक,
कडेची अक्षरं झिजून गेलेली,
मधोमध ठोकलेला आकडा: २१७.

आमच्या गल्लीत वखारीतली एकच बाई उरली आहे.
बायाक्का उंबऱ्यावर शेंगा फोडत होती.
"काय हुडकालास गा उन्हातान्हात?"
मी बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला.
तिनं चष्मा मागितला नाही.
अंगठा फिरवला, दोनावर, एकावर, सातावर,
आणि खोकली.
ती वखार अजून तिच्या छातीत आहे,
ती पाडायला कुणाचा जेसीबी येत नाही.

"हरवला म्हणून सांगितलं मुकादमाला.
बारा आणे दंड कापला पगारातनं.
हरवतोय कशाला? मीच पुरला.
दोनशे सतरा, जर्दा नीट चाळ.
दोनशे सतरा, उद्या पोरगं घरात ठेवून ये.
म्हटलं, आता कशी हाक मारतोस बघू."

मग?

"मग काय.
नवा बिल्ला घडून येईस्तवर अकरा दिवस लागले.
अकरा दिवस बायाक्का म्हणाला.
एकदा तर, बायाक्का, पाणी पिऊन घे म्हणाला."

नव्या बिल्ल्यावर कुठला आकडा होता
ते तिला आठवत नाही.

ठेवतेस काय, मी विचारलं.
तिनं तो फोलपटांत टाकला.
जरा वेळानं फोलपटं चाळून पुन्हा उचलला,
हाताला सवयच असल्यासारखा.
"किती खोल होता रे?"

वीतभर.

तिनं आपली वीत उघडून बघितली,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
बोटं आता पुरती ताणत नव्हती.

"एवढाच?" म्हणाली.
"मला वाटलं, लई खोल पुरला."