शंभर मिली

इलाही मिस्त्रींनी पंप उघडला,
जुन्या पेपरवर एकेक नग मांडला
आणि प्लंजर माझ्या तळहातावर ठेवला.
"डोळ्यानं नाही, नखानं बघ."
नख अडकलं.
केसाएवढी रेघ.
"हिच्यापायी सकाळी रुसती तुझी गाडी."

चौऱ्याण्णवची चारशे सात.
सावळजच्या शेडवरून बेदाणा भरायचा,
तासगाव, कवलापूर, माधवनगर, मार्केट यार्ड.
एवढंच तिचं जग,
माझंही फार मोठं नाही.

"डिझेल आता स्वच्छ झालंय," मिस्त्री म्हणाले,
"गंधक काढलं. पोरांच्या छातीला बरंच की.
पण त्याच्याबरोबर ओशटपणाही गेला.
कंपनी घालती परत काहीबाही,
नव्या गाडीला पुरतं ते.
हिला लहानपणापासून तेलकट खायची सवय."

मग कपाटातून काढली
खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली,
काचेवर उठलेल्या खुणा.
"चाळीस लिटरला एवढं. आधी हे, वरून डिझेल,
म्हणजे आपसूक ढवळतं.
आणि हात सैल सोडू नको.
औषध आहे, आमटी नाही."

सहा वर्षं झाली.
पंपावरचा पोरगा अजून विचारतो,
"मामा, म्हातारीला टॉनिक?"
मी हसतो. नोझल ओली आहे म्हणतो, नीट धर.

भुपाल चौगुलेची गाडी माझ्याच सालची.
त्यानं आजवर थेंब घातला नाही.
त्याचीही चालते.

हे सांगायला मिरजेला गेलो मुद्दाम.
मिस्त्री दुकानाबाहेर खुर्चीत,
आत पोरगा लॅपटॉप जोडून कुणाच्या तरी नव्या गाडीला.
म्हटलं, मग माझी चालते ती कशानं?
गुडघा चोळत राहिले बराच वेळ.
"न मोडलेल्या वस्तूचं बिल
आजवर मी फाडलं नाही, बाबा.
मला कसं कळणार?"
आणि चहा सांगितला.

आज पहाटे शेडवर गार होतं.
पहिल्या सेल्फला नुसती खोकली,
दुसऱ्याला उठली.
मागं पांढरा धूर, जरासाच,
जाळीवरच्या द्राक्षांकडे न जाता
ओढ्याकडे वळला.

बाटलीच्या खुणा पुसल्यात आता.
शंभर किती, ते हाताला माहीत आहे.
झाकण लावलं, बोटं पँटला पुसली.
बायको ओरडेल.