उणे अठरा

उलानबातारला जायचं ठरल्यावर
सोसायटीतले गोसावी म्हणाले, "तिथं आहे काय?"
म्हटलं, "थंडी."
"मग पाषाणला काय कमी असते?"

पाषाणला परवा आठ होतं. मला ठाऊक आहे,
शिवाजीनगरच्या वेधशाळेत तेवीस वर्षं
मी तापमापकं तपासते:
पेटीत ठेवून उणे तीसपर्यंत उतरवायची,
काचेतून बघायचं, आकडा लिहायचा,
घरी जाताना कोथिंबीर घ्यायची.
उणे तीस माझ्या अक्षरात
हजारदा तरी असेल.
अंगावर एकदाही नाही.

आता जानेवारी आणि फेब्रुवारी, दोन्ही अख्खे.
व्हिसाचा फोटो परत आला, कान दिसेनात म्हणून.
विम्याच्या मुलीने देशाचं नाव
तीनदा विचारलं, तीनदा वेगळं लिहिलं.
तपकीर गल्लीत दोन गोल पायांचा प्लग घेतला.
"चालेल," दुकानदार म्हणाला.
कुठे, ते त्याने विचारलं नाही.

भाचा म्हणाला, मावशी, चार शब्द तरी शीक.
चहाला तिथे चाय,
पण हा च चाकातला, चहातला नव्हे.
पाण्याला उस. ऱ्हस्व.
म्हणजे तहान लागली की
त्या बर्फात मी ऊस मागणार,
आणि कुणीतरी समजून उमजून
पाणी आणून देणार.

कपड्यांचं मात्र कुणालाच कळेना.
कुणी म्हणे लोकर, कुणी म्हणे तीन पदर.
शेवटी हेरंबच्या ओळखीने
मार्केट यार्डात इलाही तांबोळींचं शीतगृह गाठलं.
दुपारचे दोन, बाहेर हमाल उघड्या अंगाने बसलेले,
आणि मी कानटोपी, मफलर, दोन पायमोजे, उसने बूट.
एकाने विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"
हेरंब म्हणाला, "परदेशी चालल्यात."
जणू हेच लक्षण असावं.

आत उणे अठरा.
सासवडच्या मटारच्या गोण्या छतापर्यंत.
दार लागलं.
पहिल्या मिनिटाला वाटलं, एवढंच?
चौथ्याला नाकातले केस ताठ झाले.
सातव्याला पापणी पापणीला
क्षणभर चिकटली, आणि मी,
जिने हा आकडा शाईने कितीदा लिहिला,
तिथे उभ्याने त्याला म्हणाले, अच्छा, तू होय.

हातमोजा काढून वही उघडली.
बॉलपेन उमटेना. हुंकारलं, थांबलं.
पर्समधली पेन्सिल, मुलाच्या शाळेतली, दातांनी चावलेली,
तिने लिहिलं.
बाहेर आल्यावर हेरंबने थर्मासमधला चहा ओतला,
आणि मी यादीतून तीन वस्तू खोडून
सहा पेन्सिली घातल्या. एक टोकयंत्र.

काल बॅग रद्दीवाल्या परदेशींच्या काट्यावर ठेवली.
परदेशी कात्रजच्या पुढे फारसे गेलेले नाहीत.
सवयीने म्हणाले, "चौदाचा भाव चालू आहे, ताई."
मग नीट पाहिलं. "साडेतेवीस."
अर्धा किलो जास्त.
गोसावीवहिनींचा चिवडा काढून त्यांनाच दिला.
त्यांनी मूठभर तोंडात टाकला,
दाणे चावत बराच वेळ बॅगेकडे बघत राहिले.
"तिथं रद्दी काय भावाने जाते हो?"

खरंच माहीत नव्हतं.
वही काढली. विचारायच्या गोष्टी, सतरावी.
पेन्सिलीने लिहून घेतली.