हॅज गॉन

ग्रिम्सबीत, मंगळवारी, वाचनालयाच्या माडीवर
मिसेस ऑलरॉइड फळ्यावर रेघ ओढतात.
'हॅज बीन' म्हणजे जाऊन आलाय. बूट दारात.
'हॅज गॉन' म्हणजे गेलाय.
तिथे असेल, नाहीतर वाटेत.

लेतेब्रहान वाकून लिहिते,
बोटांना हॅडॉकचा वास, साबणाला न जुमानणारा:
माय ब्रदर वेन्ट टु इटली.

'वेन्ट'ला वेळ लागते, बाई म्हणतात.
कधी? काल? मागच्या वर्षी?

ती पेन्सिल चावते.
झुवाराहून नाव सुटली, एवढंच कुणी फोनवर सांगितलेलं.
वार नाही, महिना नाही.
तिकडे आई अजून एक इंजेरा जास्तीचा भाजते.

बाई खोडरबर सरकवतात.
वेळ माहीत नसेल तर 'हॅज गॉन' लिही.

ती खोडते. कागद जरा फाटतो.
मग बघत राहते त्या 'हॅज'कडे:
एवढासा शब्द,
दार लोटलेलं,
कडी न लावलेली.

शेजारचा गिन्तारस वहीत डोकावतो,
पूर्णविराम राहिला, म्हणतो.

हो, द्यायचाय.
तिनं अजून दिलेला नाही.